चमकलं म्हणजे सापडलं नव्हे

“अँटिबॉडीच्या बाटलीवर नाव आहे, केंद्रकात हिरवं चमकतंय, म्हणजे तेच प्रथिन.” पेशींची छायाचित्रं दाखवणाऱ्या सादरीकरणांत, प्रबंधांत, पोस्टरसमोरच्या चर्चांत हे विधान इतक्या सहजपणे केलं जातं की ते केवळ गृहीतक आहे, याचा विसर पडतो. जनुकांना गप्प बसवणाऱ्या प्रथिनांच्या अभ्यासात तर हे गृहीतक फार महागात पडतं. म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मानवी पेशीतला सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. डीएनए आणि प्रथिनांच्या या रचनेला क्रोमॅटिन म्हणतात. मेंदूतल्या आणि त्वचेतल्या पेशींमध्ये जनुकं तीच असतात. त्यातली कोणती बंद राहणार, हे ठरवण्यात क्रोमॅटिनवरच्या रासायनिक खुणांचा मोठा वाटा असतो. एच३ या हिस्टोनच्या शेपटीवर ९व्या जागी असलेल्या लायसिनला तीन मिथाइल गट जोडले गेले की एचपी१ कुळातली प्रथिनं तिथे येऊन बसतात. २७व्या लायसिनवर असेच तीन गट जोडण्याचं काम मुख्यतः ईझेडएच२ हे पॉलिकोंब गटातलं एन्झाइम करतं. दोन्ही खुणा जनुकं बंद ठेवण्याशी निगडित आहेत.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर फ्लुरोसंट अँटिबॉडी लागते. पहिली अँटिबॉडी लक्ष्याला धरते आणि चमकणारा रंग जोडलेली दुसरी त्या पहिलीला धरते. अँटिबॉडीला असा रंग जोडता येतो, हे हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली दाखवलं. खुद्द एचपी१चा शोधही अँटिबॉडीमुळेच लागला: १९८६ साली जेम्स आणि एल्गिन यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर या प्रथिनाची जागा तशीच निश्चित केली. तेव्हा पद्धतीबद्दल शंका नाही. शंका घ्यायची ती हातातल्या बाटलीबद्दल.

अँटिबॉडी लेबल वाचत नाही. ती मोजक्या अमिनो आम्लांनी बनलेला एक छोटा आकार ओळखते. आता एच३ची शेपटी जवळून पाहा. ९व्या लायसिनच्या आजूबाजूचा क्रम आहे अ‍ॅलनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. २७व्या लायसिनच्या आजूबाजूचा क्रम? तोच! अ‍ॅलनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. एका खुणेसाठी बनवलेली अँटिबॉडी दुसरीलाही चिकटू शकते, याचं कारण या चार अमिनो आम्लांत आहे. शिवाय दोन मिथाइल गट आणि तीन मिथाइल गट यांतला फरकही तिला ओळखता आला पाहिजे.

यावर “पण ठिपके तर केंद्रकातच दिसताहेत” हे उत्तर हमखास येतं. अहो, दिसणारच! चुकून धरलेली दुसरी खूणही केंद्रकातच असते, हिस्टोनवरच असते आणि बंद क्रोमॅटिनमध्येच असते. चित्र सुबक आलं म्हणजे ते खरं ठरत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. २०११ साली ‘नेचर स्ट्रक्चरल अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’मध्ये हिस्टोन-खुणांच्या २४६ अँटिबॉडींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २५ टक्क्यांहून अधिक अँटिबॉडी नेमकेपणाच्या चाचणीत नापास झाल्या. २०२३ साली ‘ईलाइफ’मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या गेल्या. लक्ष्य ओळखू न शकणाऱ्या अँटिबॉडी वापरून केलेलं काम शोधनिबंधांत छापून आल्याचं तिथे आढळलं. म्हणजे चूक बाटलीपाशी थांबत नाही. ती संदर्भसूचीतून पुढच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.

मग कंट्रोल कोणता? “फक्त दुसरी अँटिबॉडी घालून पाहिली, काही चमकलं नाही” एवढ्यावर समाधान मानणं थांबवा. त्यातून दुसरी अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही, एवढंच कळतं. पहिलीबद्दल अक्षरही कळत नाही. खरी परीक्षा अशी: ज्या पेशीत ते प्रथिन नाहीच, तिथे चमक नाहीशी व्हायला हवी. एचपी१ किंवा ईझेडएच२ पाहायचं असेल तर त्याचं जनुक काढून टाकलेल्या किंवा दाबलेल्या पेशी मूळ पेशींच्या शेजारी ठेवा आणि दोन्हींची छायाचित्रं एकाच एक्सपोजरवर घ्या.

हिस्टोनच्या खुणेसाठी हा मार्ग सरळ नाही, कारण माणसात एच३ची जनुकं डझनाहून जास्त आहेत. तिथे खूण लावणाऱ्या एन्झाइमला रोखा. ईझेडएच२ रोधक दिल्यावर काही दिवसांत २७व्या लायसिनवरची खूण घटली पाहिजे. चमक तशीच राहिली तर अँटिबॉडीवर संशय घ्या. जोडीला वेगवेगळ्या खुणा असलेल्या पेप्टाइडांवरही तिची परीक्षा घ्या.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज: वेस्टर्न ब्लॉटमध्ये चालली, म्हणजे पेशीतही चालेल.
वस्तुस्थिती: ब्लॉटमध्ये प्रथिनाची घडी उलगडलेली असते, तर पेशीत ते फॉर्माल्डिहाइडने जखडलेलं असतं. प्रत्येक वापरासाठी वेगळी तपासणी लागते.

गैरसमज: चमक नाही, म्हणजे खूण नाही.
वस्तुस्थिती: पेशीविभाजनात ९व्या लायसिनच्या शेजारच्या सेरिनवर फॉस्फेट येतो. मग खूण जागेवर असूनही काही अँटिबॉडींना ती दिसत नाही.

गैरसमज: लाल आणि हिरवा मिळून पिवळा दिसला, म्हणजे दोन प्रथिनं एकमेकांना जोडलेली आहेत.
वस्तुस्थिती: साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवता येत नाहीत, तर हिस्टोनभोवती डीएनए गुंडाळून बनणारा न्यूक्लिओसोम जेमतेम ११ नॅनोमीटरचा असतो.

गैरसमज: माणसाच्या पेशीतही उंदरासारखे ठळक ठिपके दिसलेच पाहिजेत.
वस्तुस्थिती: डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने उजळणारे ते मोठे पुंजके उंदराच्या पेशींचं वैशिष्ट्य आहे. मानवी पेशींत बंद क्रोमॅटिन जास्त विखुरलेलं असतं.

गैरसमज: एचपी१ एकदा बसलं की हलत नाही.
वस्तुस्थिती: अँटिबॉडीचं चित्र मेलेल्या, जखडलेल्या पेशीचं असतं. जिवंत पेशींत एचपी१ काही सेकंदांत जागा सोडतं आणि नवं येतं, हे २००३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं.

हा वाद फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. लहान मुलांमध्ये होणाऱ्या डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचं निदान करताना २७व्या लायसिनवरची खूण नाहीशी झाली आहे का, हे अँटिबॉडी वापरूनच तपासतात. तिथे अँटिबॉडी चुकली तर एका मुलाच्या निदानावर परिणाम होतो.

म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती: अँटिबॉडीचा कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक वहीत लिहा, तेच शोधनिबंधातही द्या आणि लक्ष्य नसलेल्या पेशीचं चित्र मुख्य चित्राच्या शेजारी छापा. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी ते चित्र मागून घ्यावं. ते नसेल तर निष्कर्ष मान्य करू नये.