बोट नसलेल्यांची मरिना

मुंबई बंदरात होऊ घातलेल्या मरिनाचा हिशोब कळायला शाळेतला भागाकार पुरतो. 'विकसित भारत मुंबई मरिना' असं तिचं नाव. एकूण खर्च ८८७ कोटी रुपये, सुमारे १२ हेक्टर पाणी आणि ३० मीटर लांबीपर्यंतच्या ४२४ नौकांची सोय. ४७० कोटी मुंबई बंदर प्राधिकरण घालणार, ४१७ कोटी खाजगी चालक. बंदराच्या रकमेला नौकांनी भागलं, तर एका नौकेमागे एक कोटी दहा लाखांच्या वर रक्कम येते. हा थेट कराचा पैसा नव्हे. बंदर आपलं उत्पन्न मालाच्या हाताळणीतून आणि जमिनीच्या भाड्यातून मिळवतं. पण ते बंदर तुमचं-माझंच आहे.

पैशाची वाटणी कशी केली ते पाहण्यासारखं आहे. पाण्यातलं काम बंदर करणार आणि किनाऱ्यावरचं खाजगी चालक. ही वाटणी उगाच झालेली नाही. मरिनात सगळ्यात महाग असतं ते डोळ्यांना न दिसणारं: लाटा अडवणारा बांध, तळाचा गाळ-उपसा, खोलवर ठोकलेले खांब. त्यातून थेट कमाई जवळजवळ शून्य. नौका लावण्याचं भाडं लांबीच्या मापानं मिळतं, पण तेवढ्यावर बांधाचा खर्च वसूल व्हायला पिढी जाते. कमाई होते ती किनाऱ्यावर, म्हणजे दुरुस्ती, इंधन, बोटी रचून ठेवण्याची जागा, खाणावळी आणि गाळे यांतून. पाण्यातला भार सार्वजनिक संस्थेनं उचलला नाही, तर खाजगी माणूस या धंद्यात उतरणार नाही. इथवर माझी तक्रार नाही.

मुंबईत हे काम आणखी अवघड होतं ते समुद्रामुळे. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी साडेचार-पाच मीटरनं वर-खाली होतं. पक्क्या धक्क्याला बांधलेली छोटी बोट ओहोटीला दोन मजले खाली जाईल. म्हणून मरिनातले धक्के तरंगते ठेवावे लागतात. खांबांना धरून ते पाण्याबरोबर चढतात-उतरतात. तिथं उतरणारा जोडपूल भरतीला जवळजवळ आडवा असतो आणि ओहोटीला शिडीसारखा उभा होतो. शिवाय खाड्यांतून येणारा गाळ थांबत नाही. एकदा उपसला म्हणजे झालं, असं या बंदरात कधीच होत नाही.

कोचीचं उदाहरण यासाठीच समोर ठेवायला हवं. तिथल्या बोळगट्टी बेटावर केरळच्या पर्यटन विकास महामंडळाची मरिना आहे. जागा देखणी आणि जगप्रवासाला निघालेल्या शिडाच्या नौकांच्या वाटेवरची. मात्र नौकांची सोय तिथं चाळिशीच्या आतच, आणि गाळानं पाण्याची खोली खाल्ली. उद्घाटनाला मंत्री येतात. गाळ उपसायला दरवर्षी पैसाच यावा लागतो.

मग इतका खटाटोप का करायचा? मला त्याचं एक कारण गेटवेसमोर दिसतं. तिथं नौका उघड्या पाण्यात नांगरलेल्या असतात. त्यांच्यामधून एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँचा जातात, नौदलाच्या बोटी जातात, पलीकडे मालवाहू जहाजं. वर्षाला साडेसहा कोटी टनांहून जास्त माल हाताळणाऱ्या बंदराचं हे अंगण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण गेले. मरिना झाली असती तर तो अपघात टळला असता, असं मी म्हणणार नाही. तो प्रकार वेगळा होता. पण हौशी नौकांना बांधाआडची स्वतंत्र जागा मिळाली, तर या अंगणातली गर्दी थोडी तरी पांगेल. पावसाळ्यात तर आसरा लागतोच.

प्रश्न उरतो तो 'सार्वजनिक' या शब्दाचा. रेडिओ क्लबजवळच्या नव्या प्रवासी जेट्टीचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. सव्वादोनशे कोटींच्या वरचा तो प्रकल्प, राज्याच्या सागरी मंडळाचा. कुलाब्याचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २०२५मध्ये न्यायालयानं प्रकल्पाला वाट दिली, पण तिथलं अर्धवर्तुळाकार प्रेक्षागार केवळ बोटीची वाट पाहणाऱ्यांना बसण्यासाठी वापरायचं आणि उपाहारगृहात पाणी व बांधून दिलेले पदार्थच ठेवायचे, असंही बजावलं. म्हणजे जेट्टीच्या नावाखाली दुसरं काही उभं राहू नये, हे न्यायमूर्तींना लिहून द्यावं लागलं. ते मुळात आराखड्यातच लिहिलेलं का नव्हतं?

मुंबईला लोकांच्या धक्क्याची ओळख आहे. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ या गृहस्थानं भराव घालून धक्का बांधला. आज बोटी लागतात ती जागा वेगळी आणि कागदावरचं नाव फेरी व्हार्फ. तरी कोकणातला माणूस 'भाऊचा धक्का'च म्हणतो. बांधला एकानं, पण वापरला सगळ्यांनी.

मरिनासाठी २०२५च्या अखेरीस निविदा मागवल्या गेल्या. प्रकल्पात शिडाच्या नौकानयनाची शाळाही आहे. तिथं कोळीवाड्यातल्या आणि महापालिका शाळांतल्या मुलांना किती जागा, कोणत्या फीत? किनाऱ्यावरून फिरायची वाट रात्री किती वाजेपर्यंत खुली? अडचणीत सापडलेल्या मासेमारी होडीला बांधाआड उभं राहता येईल का, आणि फुकट? गाळ-उपशाचा वार्षिक खर्च कोणाच्या माथी? या चार प्रश्नांची उत्तरं करारात हवीत, आणि तो करार बंदर प्राधिकरणानं सगळ्यांना वाचता येईल असा, मराठीतही, प्रसिद्ध करावा.