दोन ग्रॅम लगदा

"अगं, दोन-चार उकळ्या काढल्या की मरत नाही का सगळं?" नसरापूरच्या घरी शिंपल्यांचा विषय निघाला की काकू हमखास विचारतात. जंतू मरतात, काकू. पण शिंपल्यांत कधीकधी साठणारं विष जिवंत नसतंच, मग मरणार काय? ते उकळून जात नाही आणि गोठवूनही टिकतं. म्हणून समुद्रापासून दूर, घाटावर राहणाऱ्यांनाही त्याची चिंता हवी.

शिंपला हे विष स्वतः बनवत नाही. समुद्रातल्या काही सूक्ष्म शैवालांमध्ये ते असतं. शिंपला पाणी गाळून ती शैवालं खातो आणि स्वतः ठणठणीत राहतो. मांसाला ना वास येतो, ना चव बदलते.

म्हणून ते तपासूनच शोधावं लागतं. बंदरात अन्न सुरक्षा अधिकारी आयात शिंपल्यांचा नमुना घेतात, तेव्हा त्याचे दोन भाग करतात. एक तपासणीला जातो, दुसरा फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत गोठवलेले मसल्स, म्हणजे एका प्रकारचे शिंपले, आले की ते वितळवून, निथळवून निदान शंभर ग्रॅम मांस मी मिक्सरला लावते. या मांसात तपकिरी-हिरवी पचनग्रंथी असते. जुलाब लावणारं ओकॅडेइक आम्ल मुख्यतः तिथेच साठतं. लगद्यात गडद रेघ दिसली की पुन्हा फिरवायचं, कारण पुढचं सगळं गणित त्यातल्या फक्त दोन ग्रॅमवर चालतं. रेघ चमच्यात आली तर आकडा फुगतो. निसटली तर विषारी माल सुटतो.

ते दोन ग्रॅम मिथेनॉलमध्ये दोनदा घोळवून 20 मिलिलिटर अर्क करायचा. त्याचा एक भाग कॉस्टिक सोडा घालून 76 अंशांवर 40 मिनिटं तापवायचा. काही विष मेदाम्लांना चिकटलेलं असतं, ते सुटं झाल्याशिवाय मोजता येत नाही. मग यंत्र रेणू वेगळे करतं, त्यांचं वस्तुमान मोजतं, ते फोडून तुकड्यांचंही मोजतं. मर्यादा आहे किलोमागे 160 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा सुमारे सहा हजारावा भाग. सोबत ज्यातलं विष आधीच ठाऊक आहे असा लगदाही तपासायचा. त्याचा आकडा चुकला की त्या फेरीतले सगळे निकाल रद्द.

एवढी काळजी आयात मालासाठी घेतली जाते, ती योग्यच आहे. पण 1983 मध्ये मंगळूर परिसरात लोकांना शिंपल्यांतल्याच दुसऱ्या, लकवा आणणाऱ्या विषाची बाधा झाली, ती तिथल्याच खाडीतल्या तिसऱ्यांमुळे. कोकणातल्या खाडीत ओहोटीला कालवं काढणाऱ्या बाईची टोपली बंदरातल्या तपासणीतून जात नाही. खाडीच्या पाण्यातली शैवालं वरचेवर पाहणं, ती वाढली की शिंपले तपासणं आणि गरज पडली तर काही दिवस काढणी थांबवून त्या बाईला भरपाई देणं, हे सरकारचं काम आहे. जे जिभेला कळत नाही, ते खाणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर सोपवून चालणार नाही.