नातवंडांची शाळा, अमली पदार्थांची तपासणी आणि अमिरातीचा कायदा

आपल्या समाजातील बऱ्याच घरांची मुले-नातवंडे नोकरीच्या निमित्ताने दुबई, अबुधाबी, शारजा येथे राहतात. काही मुंबई-ठाण्याहून गेलेली आहेत, काही इथून. २०२०च्या अब्राहम करारानंतर तेल अवीवहून दुबईचा प्रवास तीन-साडेतीन तासांवर आला आणि आजी-आजोबांचे जाणे-येणेही सुरू झाले. शाळकरी मुलांना अमली पदार्थ आणि दारूपासून दूर कसे ठेवायचे, शाळेत त्यांची तपासणी करावी का, हे प्रश्न आज सगळ्या जगात आहेत. पण अमिरातीत त्यांची उत्तरे वेगळी आहेत. ती माहीत नसली तर भल्या घरातली माणसेही अडचणीत येतात. म्हणून हा विषय आम्ही सविस्तर मांडत आहोत.

तपासणी म्हणजे नेमके काय?

शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी होणारी तपासणी बहुधा लघवीची असते. आधी साधी चाचणी करतात. कपात नमुना घेऊन त्यात पट्टी बुडवली की काही मिनिटांत खूण दिसते. ही चाचणी स्वस्त आहे, पण ती चुकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. ते घेतलेल्या माणसाच्या नमुन्यात पट्टी उत्तेजक द्रव्याची खूण दाखवू शकते. म्हणून पट्टीवर खूण आली तर तोच नमुना प्रयोगशाळेत यंत्रावर पुन्हा तपासायला हवा. ही दुसरी तपासणी झाल्याशिवाय मुलाला दोषी म्हणू नये, हा जाणकारांचा पहिला नियम आहे.

किती दिवसांपर्यंत सापडते? एखाद्या वेळी गांजा घेणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश तीन-चार दिवस राहतो. रोज घेणाऱ्याच्या शरीरात तो महिनाभर, कधी त्याहूनही जास्त राहतो. श्वासातली दारू मात्र काही तासांत जाते. केसांच्या तपासणीत सुमारे तीन महिन्यांचा हिशेब निघतो. म्हणजे आज नशेत नसलेला मुलगाही तपासणीत सापडू शकतो, आणि काल रात्री प्यायलेला सुटू शकतो. तपासणी शरीरातला अंश सांगते. मुलगा का घेतो, किती अडकला आहे, हे ती सांगत नाही.

अमेरिकेतला वाद

सरकारी शाळांतील तपासणीवर सर्वांत जास्त वाद अमेरिकेत झाला. ओरेगन राज्यातील व्हर्नोनिया या छोट्या गावातील शाळांनी खेळाडू विद्यार्थ्यांची तपासणी सुरू केली. हंगामात दर आठवड्याला चिठ्ठ्या काढून दहा टक्के मुलांचा नमुना घेत. जेम्स ॲक्टन या सातवीतल्या मुलाच्या आईवडिलांनी संमतीपत्रावर सही केली नाही, तेव्हा त्याला फुटबॉल खेळू दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल लागला. २००२ मध्ये ओक्लाहोमातील टेकम्सेच्या खटल्यात न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन गायनवृंदासारख्या इतर स्पर्धात्मक उपक्रमांतील मुलांचीही तपासणी वैध ठरवली. त्या वेळी मते पाच विरुद्ध चार अशी पडली.

व्हर्नोनियाच्या निकालातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे तपासणीचा निकाल पोलिसांकडे जात नव्हता. मुलगा दोषी निघाला तर सहा आठवड्यांचा मदतीचा कार्यक्रम पूर्ण करायचा किंवा खेळ सोडायचा, इतकेच. तुरुंगाचा प्रश्नच नव्हता.

आणि याचा उपयोग किती झाला? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ३६ शाळांत अभ्यास करून २०१० मध्ये अहवाल काढला. तपासणी असलेल्या शाळांत, तपासणीच्या कक्षेतील १६ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात असे पदार्थ घेतल्याचे सांगितले. तपासणी नसलेल्या शाळांत तशाच मुलांपैकी २२ टक्क्यांनी सांगितले. थोडा फरक पडला, पण पुढे घेण्याचा विचार आहे का, या प्रश्नाच्या उत्तरात फरक दिसला नाही. शाळेतील इतर मुलांवरही परिणाम दिसला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शाळांत सरसकट तपासणी करण्यास विरोध दर्शवला. पुरावा अपुरा आहे आणि मुलांचा मोठ्यांवरचा विश्वास मात्र जातो, असे या विरोधामागचे म्हणणे आहे.

अमिरातीत फरक कुठे आहे?

अमिरातीच्या सरकारी शाळांत मुख्यतः तिथल्या नागरिकांची मुले शिकतात. परदेशी कुटुंबांची मुले बहुतेक खाजगी शाळांत जातात. दुबईत त्यांच्यावर ज्ञान व मानव विकास प्राधिकरणाची देखरेख असते, तर अबुधाबीत तिथल्या शिक्षण व ज्ञान विभागाची. शिक्षण मंत्रालयाच्या २०१८च्या वर्तन नियमावलीत गैरवर्तनाच्या चार पायऱ्या आहेत. अमली पदार्थ बाळगणे, वाटणे किंवा त्यांच्या अमलाखाली शाळेत येणे हे चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर पायरीवर आहे.

पण शाळेच्या नियमापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे देशाचा कायदा. अमिरातीत अमली पदार्थ नुसते सेवन करणे हाच गुन्हा आहे. खिशात काही सापडले नाही तरी रक्तात किंवा लघवीत अंश सापडणे हा सेवनाचा पुरावा ठरतो. मागितल्यावर नमुना द्यायला नकार देणे हाही वेगळा गुन्हा आहे. म्हणून अमेरिकेत ज्या चाचणीने मुलाचा खेळ बंद होतो, तीच चाचणी इथे घरादाराचे राहणे धोक्यात आणू शकते.

१९९५चा जुना कायदा फार कडक होता. त्यात परदेशी माणसाची हकालपट्टी ठरलेलीच असे. जानेवारी २०२२ पासून नवा कायदा लागू आहे. पहिल्यांदा सेवन करताना सापडलेल्या माणसाला त्यात किमान तीन महिन्यांची कैद किंवा २०,००० ते १,००,००० दिरहम दंड आहे. हकालपट्टी या कायद्याने न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडली होती. न्यायालय शिक्षेऐवजी उपचार केंद्रातही पाठवू शकते. विकणाऱ्यांना मात्र दयामाया नाही.

आजी-आजोबांसाठी उघडलेले दार

या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक घरात माहीत असायला हवी. व्यसनात अडकलेली व्यक्ती पकडली जाण्याआधी स्वतःहून उपचार मागायला गेली आणि जवळचा पदार्थ स्वाधीन केला, तर तिच्यावर खटला भरत नाहीत. तिच्या वतीने पती-पत्नी किंवा दुसऱ्या पिढीपर्यंतचे जवळचे नातेवाईकही जाऊ शकतात. दुसऱ्या पिढीत आजी-आजोबाही येतात. म्हणजे सबा आणि सावता यांनाही कायद्याने हा हक्क दिला आहे.

उपचारासाठी अबुधाबीत राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र २००२ पासून आहे. दुबईत इरादा केंद्र आहे. भारतातील १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल.

आपल्या घरांत अशी गोष्ट झाकण्याची सवय आहे. 'लोक काय म्हणतील', 'पोरीचे लग्न व्हायचे आहे', असे म्हणून महिने जातात. अमिरातीत हे महिने फार महाग पडतात. पकडले जाण्याआधी दार उघडे आहे, नंतर ते बंद होते. मुलगा एकदम गप्प झाला, पैसे मागू लागला, झोप उलटीपालटी झाली, जुने मित्र सुटले, तर आरडाओरडा न करता आधी आईवडिलांना सांगावे. पुष्कळदा मूल आईबापाला सांगत नाही ते आजीला सांगते. त्या वेळी ऐकून घेणे आणि लगेच उपचाराचा रस्ता धरणे, ही दोन्ही कामे आपली आहेत.

आपल्या पिशवीतला धोका

आता आपल्याविषयी. नातवंडांना भेटायला जाताना आपण खाऊ नेतो, औषधे नेतो. त्यातच काही वस्तू अमिरातीत बंद आहेत.

पहिली खसखस. होय, आपली नेहमीची खसखस, जिला इथे पेरेग म्हणतात. अनारशावरची, मसाल्यातली आणि पुरीमच्या, म्हणजे आपले वाडवडील ज्याला होळीचा सण म्हणत त्या सणाच्या, ओझ्नेई हामानमधली. अफूच्या बोंडातून येणारी म्हणून अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. शिवाय खसखस खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो. याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या तपासणीची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. तेव्हा विमानतळावर जाण्याआधी खसखशीचे पदार्थ पिशवीतून काढावेत. खजुराचे ओझ्नेई हामान मुलांना तितकेच आवडतात.

दुसरी औषधे. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या दुखण्याच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधे, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. त्या नेण्यासाठी अमिराती सरकारची परवानगी इंटरनेटवरून आधी घ्यावी लागते. घरातल्या तरुणांना सांगितले की ते अर्ज भरून देतात. कुपात होलीमच्या डॉक्टरकडून इंग्रजीत मिर्शाम आणि पत्र घ्यावे. गोळ्या मूळ डब्यातच ठेवाव्यात, दुसऱ्याच्या गोळ्या नेऊ नयेत.

तिसरी वैद्यकीय गांजाची तेले आणि थेंब. इस्रायलमध्ये परवान्याने मिळतात म्हणून तिथेही चालतील असे मुळीच नाही. परवाना दाखवूनही सुटका होत नाही. नव्या कायद्यात पहिल्यांदा असा अंश असलेले खाद्यपदार्थ आणणाऱ्या प्रवाशाला थोडी सवलत दिली आहे, पण तिच्या भरवशावर कोणी प्रवास करू नये. तेल घरीच ठेवावे. त्याचा अंश शरीरात बरेच दिवस राहतो, म्हणून जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

दारू आणि किद्दुश

दारूचा कायदा वेगळा आहे. शारजात दारू पूर्ण बंद आहे. दुबई-अबुधाबीत मुसलमान नसलेल्या प्रौढांना ठरावीक ठिकाणी मिळते, पण वय २१ पूर्ण हवे. त्याहून लहान व्यक्तीला दारू देणे हा गुन्हा आहे. म्हणून शब्बाथला नातवाच्या ओठाला वाइनचा प्याला लावण्याची हौस तिथे करू नये. आपल्याकडे त्याला सुंदर जुना उपाय आहेच. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याच दिवशी काढलेले सरबत. कोकणात आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच किद्दुश केला. त्यात दारू नाही आणि ते लहान-मोठे सर्वांना चालते.

मुलांच्या शाळेने तपासणीचा नियम केला असेल तर पालकांनी तो पूर्ण वाचावा आणि चार प्रश्न विचारावेत. नमुना कोण घेतो? दुसरी, पक्की तपासणी होते का? मूल आधीपासून कोणते औषध घेते, याची नोंद करता येते का? निकाल कोणाला कळवतात? या चौथ्या प्रश्नाला अमिरातीत सर्वांत जास्त वजन आहे. हे चार प्रश्न कागदावर लिहून मुला-सुनेला पाठवा, आणि पुढच्या प्रवासाआधी आपली औषधांची पिशवी एकदा टेबलावर रिकामी करून बघा.