१९७६ जपानी ग्रांप्री

१९७६ जपानी ग्रांप्री ही फॉर्म्युला वन मोटार शर्यत २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातील फुजी स्पीडवे या सर्किटवर झाली. १९७६ च्या हंगामातील ही सोळावी आणि अखेरची शर्यत होती. जपानमध्ये झालेली फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची ही पहिलीच शर्यत होय. ४.३५९ कि.मी. लांबीच्या सर्किटच्या ७३ फेऱ्यांची ही शर्यत लोटस संघाच्या मारियो आंद्रेत्तीने जिंकली. टायरेल संघाचा पॅट्रिक डेपाये दुसरा, तर मॅकलारेन संघाचा जेम्स हंट तिसरा आला. तिसऱ्या स्थानाच्या चार गुणांमुळे हंट अवघ्या एका गुणाच्या फरकाने विश्वविजेता ठरला. त्याचा प्रतिस्पर्धी, फेरारीचा निकी लाउडा याने मुसळधार पावसात गाडी चालविणे धोक्याचे मानून दोन फेऱ्यांनंतर स्वेच्छेने शर्यत सोडली. त्यामुळे ही शर्यत विजेत्यापेक्षा लाउडाच्या माघारीसाठीच अधिक ओळखली जाते.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रियाचा निकी लाउडा हा १९७५ चा विश्वविजेता होता. १९७६ च्या हंगामाच्या पूर्वार्धात ब्राझील, दक्षिण आफ्रिका, बेल्जियम आणि मोनॅको येथील शर्यती जिंकून त्याने मोठी आघाडी घेतली होती. इंग्लंडचा जेम्स हंट याच हंगामात मॅकलारेन संघात दाखल झाला होता.

१ ऑगस्ट १९७६ रोजी पश्चिम जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे लाउडाच्या गाडीला भीषण अपघात होऊन तिने पेट घेतला. आर्तुरो मेर्झारियो, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्ट्ल या सहस्पर्धकांनी त्याला ज्वाळांतून बाहेर काढले. त्याचा चेहरा व डोके गंभीररीत्या भाजले होते. विषारी वायू श्वासावाटे गेल्याने फुप्फुसांनाही इजा झाली होती. त्याची प्रकृती इतकी चिंताजनक होती की, रुग्णालयात धर्मगुरूंकडून त्याच्यावर अंतिम संस्कारविधीही करण्यात आला. तथापि अवघ्या दोन शर्यती चुकवून, सहा आठवड्यांनी इटलीतील मोंझा येथे तो पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला.

दरम्यान हंटने जर्मनी व नेदरलँड्स येथील शर्यती जिंकल्या होत्या. ब्रिटिश ग्रांप्रीतील त्याचा विजय मात्र फेरारीच्या तक्रारीनंतर सप्टेंबरमध्ये रद्द करण्यात आला. त्यामुळे हंटचे ९ गुण गेले आणि दुसरा आलेला लाउडा विजेता ठरल्याने त्याच्या गुणांत ३ ची भर पडली. त्यानंतर हंटने कॅनडा आणि अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथील लागोपाठच्या शर्यती जिंकून हे अंतर जवळजवळ भरून काढले. फुजी येथे येताना लाउडाचे ६८, तर हंटचे ६५ गुण होते.

विजेतेपदाचे गणित

त्या काळी पहिल्या सहा क्रमांकांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ व १ असे गुण मिळत. लाउडाला एकही गुण न मिळाल्यास हंटला चौथे स्थान पुरेसे होते. तसे झाल्यास दोघांचे गुण प्रत्येकी ६८ झाले असते आणि सहा शर्यती जिंकलेला हंट, पाच शर्यती जिंकलेल्या लाउडाच्या पुढे गणला गेला असता. पाचव्या स्थानाने मात्र हंटचे काम भागणार नव्हते.

पात्रता सत्र

पात्रता सत्रात आंद्रेत्तीने पोल पोझिशन मिळवली. हंट त्याच्या मागे केवळ ०.०३ सेकंदाने होता. लाउडा तिसरा आला. जपानच्या मासाहिरो हासेमीने कोजिमा या जपानी बनावटीच्या गाडीतून दहावे स्थान मिळवून यजमानांना सुखद धक्का दिला.

पाऊस आणि प्रारंभाचा निर्णय

शर्यतीच्या दिवशी जोरदार पाऊस व दाट धुके होते. सर्किटवर ठिकठिकाणी पाणी साचले होते. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणाऱ्या तुषारांमुळे मागील चालकास जवळजवळ काहीच दिसत नसे. पाण्याचा थर जाड असला की टायर रस्त्याला न टेकता पाण्यावर तरंगू लागतो आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. शर्यत सुरू करावी की नाही, यावर चालक, संघ व आयोजक यांच्यात बराच वेळ चर्चा झाली. अनेक चालकांचा विरोध असतानाही दिवस मावळण्यापूर्वी शर्यत पार पडावी म्हणून अखेर ती उशिरा सुरू करण्यात आली.

मुख्य शर्यत

हंटने प्रारंभीच आघाडी घेतली. सर्वांत पुढे असल्याने त्याच्यासमोर इतरांच्या गाड्यांचे तुषार नव्हते. दुसऱ्या फेरीच्या अखेरीस लाउडाने गाडी पिटमध्ये आणून थांबवली. अपघातात पापण्या भाजल्यामुळे त्याला डोळ्यांची नीट उघडझाप करता येत नव्हती आणि अशा पावसात हा दोष अधिकच घातक होता. फेरारीचे मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी यांनी इंजिनात बिघाड झाल्याचे जाहीर करण्याची तयारी दर्शवली. लाउडाने ती सबब नाकारली आणि निर्णय आपलाच असल्याचे सांगितले. एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पासे व लॅरी पर्किन्स यांनीही धोका ओळखून शर्यत सोडली.

हंट ६१ व्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. मात्र पाऊस थांबून रस्ता सुकू लागल्यावर पावसाळी टायर वेगाने झिजू लागले. प्रथम डेपायेने त्याला मागे टाकले आणि ६४ व्या फेरीपासून आंद्रेत्ती आघाडीवर आला. आंद्रेत्तीने आपले टायर जपून वापरले होते. शर्यत संपण्यास थोड्याच फेऱ्या उरल्या असताना हंटच्या टायरमधील हवा गेली आणि टायर बदलण्यासाठी त्याला पिटमध्ये यावे लागले. परतल्यावर तो पाचव्या स्थानी होता, म्हणजेच विजेतेपद हातचे गेले होते. नव्या टायरच्या बळावर त्याने क्ले रेगाझोनी व ॲलन जोन्स यांना मागे टाकून तिसरे स्थान मिळवले. आपण कितवे आहोत याची त्याला कल्पना नव्हती. शर्यत संपल्यावर तो संघप्रमुख टेडी मेयर यांच्यावर संतापाने ओरडत गाडीतून उतरला आणि नंतरच आपण विश्वविजेते झाल्याचे त्याला पटले.

निकाल

१. मारियो आंद्रेत्ती (लोटस), ७३ फेऱ्या
२. पॅट्रिक डेपाये (टायरेल), ७२ फेऱ्या
३. जेम्स हंट (मॅकलारेन), ७२ फेऱ्या
४. ॲलन जोन्स (सर्टीस), ७२ फेऱ्या
५. क्ले रेगाझोनी (फेरारी), ७२ फेऱ्या
६. गुन्नार निल्सन (लोटस), ७२ फेऱ्या

अंतिम गुणतालिकेत हंटचे ६९, तर लाउडाचे ६८ गुण झाले. कारनिर्मात्यांचे विजेतेपद फेरारीने मिळवले. १९७४ च्या इटालियन ग्रांप्रीनंतर लोटसचा हा पहिलाच विजय होता.

परिणाम व महत्त्व

लाउडाच्या माघारीवर त्या वेळी, विशेषतः इटलीत, कठोर टीका झाली. पुढच्याच वर्षी त्याने फेरारीसाठी पुन्हा विश्वविजेतेपद मिळवून तिला उत्तर दिले. निवृत्तीनंतर पुनरागमन करून १९८४ मध्ये तो तिसऱ्यांदा विजेता झाला, तोही केवळ अर्ध्या गुणाने. हंटचे मात्र हे एकमेव विश्वविजेतेपद ठरले.

१९७७ च्या शर्यतीत फुजी येथे गिल व्हिलनव्हच्या गाडीच्या अपघातात सर्किटलगत उभ्या असलेल्या दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर जपानमध्ये थेट १९८७ मध्ये, सुझुका येथे, फॉर्म्युला वन परतले. २००७ मध्ये फुजीवर पुन्हा शर्यत झाली तेव्हाही जोरदार पाऊस होता, मात्र त्या वेळी पहिल्या १९ फेऱ्या सेफ्टी कारच्या मागे संथ गतीने घेण्यात आल्या. १९७६ मध्ये अशी नियमित व्यवस्था नव्हती. धोका किती पत्करायचा, हे प्रत्येक चालकाला एकट्यानेच ठरवावे लागे.

हंट व लाउडा यांच्या स्पर्धेवर आधारित 'रश' हा रॉन हॉवर्ड दिग्दर्शित चित्रपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला.