ऊन पडलंय, मग विमान लेट का?

‘इथे तर लख्ख ऊन आहे, मग उशीर कसला?’ बोर्डिंग गेटवर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. पण हवा आपल्या गावची नव्हे, विमान जिथून येतंय आणि जिथे जाणार आहे तिथली बघायची. १४ जानेवारी २०२४ला गोव्याहून दिल्लीला जाणारं विमान तासन्‌तास रखडलं आणि अखेर मुंबईत उतरलं. धुकं दिल्लीत होतं. वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, ते दृश्य देशभर गाजलं.

जवळच्या मार्गांवर एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात प्रवासी उतरायचे, सामान काढायचं, झाडझूड, इंधन, नवे प्रवासी. सकाळी गेलेला तास संध्याकाळपर्यंत भरून निघत नाही. हे घट्ट वेळापत्रक कंपन्यांनीच आखलेलं असतं, त्यामुळे सगळं हवेवर ढकलायची सोय त्यांना नाही.

‘पायलट वर गेल्यावर वेग वाढवेल’ हे लांबच्या प्रवासात थोडंफार खरं. मुंबई-गोवा विमान हवेत पाऊण-एक तास असतं, त्यातला बराच वेळ चढण्या-उतरण्यात जातो. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो, कारण जमिनीवरची रांग त्यात आधीच धरलेली असते. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं आणि पायलटला फुकटचं श्रेय मिळतं!

रांगेचं म्हणाल तर, मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. पुण्यात हवाई दलाचा तळ, गोव्यात दाबोळीला नौदलाचा; तिथे धावपट्टी त्यांच्याबरोबर वाटून घ्यावी लागते. दार लावून आत बसवून ठेवतात, तो बहुतेकदा नियंत्रण कक्षाचा आदेश असतो. आकाशात घिरट्या घालण्यापेक्षा ते बरं.

उशिराबद्दल रोख भरपाई मिळते, हाही गैरसमजच. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांवर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. ते मागून घ्या.

महत्त्वाचं काम असेल तर पहाटेचं पहिलं विमान धरा; ते बहुधा आदल्या रात्रीच येऊन उभं असतं. फक्त डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जायचं असेल, तर दुपारचं बघा.