चाळीस दिवसांचा हिशेब



गेल्या मार्चमधल्या मंडळाच्या पॉटलकची गोष्ट. सगळ्यांच्या ताटात गुलाबजाम होते, आमच्या नव्हते. कोणीतरी आग्रह करायला लागले, तेव्हा आम्ही म्हटले, "सध्या आमचा उपवासकाळ चालू आहे." टेबलावर जरा शांतता पसरली. मग एक काकू कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, तुमच्यातही उपास असतात? मग साबुदाण्याची खिचडी चालते का?"

सगळे हसलो. खिचडी चालते असे आम्ही सांगितले आणि दोनदा वाढूनही घेतली. पण घरी येताना गाडीत वाटले की काकूंना नीट उत्तर दिले नाही. इतकी वर्षे आपण गणपती, दिवाळी, नाताळ एकत्र साजरे करतो, पण नाताळच्या करंज्यांपलीकडे आमच्या घरातल्या श्रद्धेबद्दल आम्ही कधी काही सांगितलेच नाही. म्हणून हा लेख. आम्ही पाळक नाही की धर्मशास्त्राचे अभ्यासक नाही. दोघेही इंजिनिअर, आयटीत नोकरी, दोन मुले आणि बॉस्टनजवळ तीस वर्षांच्या कर्जावर घेतलेले घर. जे घरात करतो, तेवढेच सांगतो.

चाळीस दिवस कुठून आले?

ईस्टरच्या आधीच्या या काळाला इंग्रजीत लेंट म्हणतात. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. त्या दिवशी अनेक चर्चमध्ये कपाळावर राखेने क्रूस काढतात. ही राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. म्हणजे गेल्या वर्षी जयजयकारात उंच धरलेली झावळी या वर्षी पश्चात्तापाची खूण होऊन कपाळावर येते.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार वजा करायचे. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार, प्रत्येक रविवार म्हणजे छोटा ईस्टर, म्हणून त्या दिवशी उपास धरत नाहीत. चाळीस हा आकडा येशूने रानात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपासाची आठवण आहे.

आणि हो, ईस्टरची तारीखही चंद्रावर ठरते. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या गणिताप्रमाणे धरतात. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो. तिथी बघून सण ठरवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये!

सेलम ते नगर, आणि परत

आमचे मूळ गाव अहमदनगर. 2024 पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच आहे. बॉस्टनला आल्यावर कळले की आमच्या चर्चची मुळे याच भागात आहेत. 6 फेब्रुवारी 1812 रोजी इथून जवळच्या सेलम गावातल्या एका चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईला पोचले. त्यांचे मिशन पुढे 1831 मध्ये नगरला गेले आणि तिथेच 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू झाले.

गंमत अशी की या भागातल्या जुन्या प्युरिटन लोकांना असे सणवार आणि उपासाचे ठरावीक काळ अजिबात मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! त्यांच्या परंपरेतून आलेल्या मिशनमुळे आमच्या पणजोबांच्या घरी लेंटचे फारसे प्रस्थ नव्हते. 1970 साली उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन परंपराही आली आणि आमच्या आजीच्या घरात हे चाळीस दिवस अधिक नेमाने पाळले जाऊ लागले. आजी म्हणायची, "नियम नवा असला म्हणून काय झालं, पश्चात्ताप जुनाच आहे."

न तपासलेला बॅकअप

खरे सांगायचे तर इथे आल्यावर पहिली काही वर्षे आमची श्रद्धा रविवारच्या कॅलेंडरमधल्या नोंदीपुरती उरली होती. दहा वाजता चर्च, बारा वाजता भारतीय दुकान, संध्याकाळी मुलांचा गृहपाठ. प्रार्थना इंग्रजीत, गीते इंग्रजीत. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सोय बघता बघता बाकीचे सुटत गेले.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच नोकरीत शिकवतात. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे नाही, तो परत चढवून बघितला पाहिजे. नाहीतर सर्व्हर बसतो त्या दिवशी कळते की टेप कोरी होती. बाबा गेले त्या रात्री आमचे तसेच झाले. विमानाचे तिकीट काढून झाले, बॅग भरून झाली आणि आम्ही दोघे सोफ्यावर प्रार्थनेला बसलो. शब्दच येईनात. इंग्रजी शब्द बाबांचे वाटत नव्हते आणि मराठी शब्द अर्ध्यावर तुटत होते. त्या वर्षी आम्ही ठरवले की पुढचे चाळीस दिवस नेमाने पाळायचे.

घरात काय करतो

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू तीन गोष्टी सांगतो: दान, प्रार्थना आणि उपास. तिन्हींना अट एकच, दुसऱ्याला दाखवण्यासाठी करू नका. आमचे तीन नेम त्यातूनच आले.

पहिला, उपास. बुधवारी आणि शुक्रवारी एकच जेवण, आणि चाळीसही दिवस गोड बंद. मुलांना उपास नाही, त्यांनी आपल्या मनाने एखादी गोष्ट सोडायची. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने कॉफी सोडली आणि आठवडाभर सगळ्यांवर खेकसत राहिलो. तेव्हा यशया संदेष्ट्याचा 58वा अध्याय आठवला. उपास करता आणि त्याच दिवशी भांडता, असा उपास देवाला नको, भुकेल्याला भाकरी द्या, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. कॉफी परत आली, खेकसणे सोडायचे ठरले. ते कॉफीपेक्षा अवघड निघाले.

दुसरा, दान. बाहेरचे जेवण बंद ठेवून वाचलेले पैसे स्वयंपाकघरातल्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात टाकतो. शेवटी डबा मुले उघडतात आणि पैसे गावातल्या फूड पँट्रीला जातात. शनिवारी तिथे डबाबंद डाळी आणि सीरियल लावायला मुलेही येतात. रांगेत एकदा मुलाच्या वर्गातला मित्र दिसला. घरी आल्यावर मुलाला एवढेच सांगितले, "हे शाळेत बोलायचं नाही." दान गुपचूप का करायचे, हे त्याला त्या दिवशी कळले असावे.

तिसरा, प्रार्थना. रात्री नऊ वाजता पंधरा मिनिटे, मराठीत. एक उतारा, 'उपासना संगीत'मधले एक गीत आणि प्रभूची प्रार्थना. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांतून गाइली, त्यामुळे पेटी नसली तरी टाळ्यांवर जमते. मुलांचे उच्चार अमेरिकन आहेत. चालायचेच.

'ऋण' म्हणजे काय?

दोन वर्षांपूर्वी लेंटच्या दुसऱ्याच आठवड्यात मुलीने विचारले, "ऋण म्हणजे काय?" इथल्या आमच्या चर्चमध्ये इंग्रजीत प्रभूची प्रार्थना म्हणताना त्या जागी अपराध अशा अर्थाचा शब्द येतो. आमच्या मराठीत मात्र ऋण आहे. आम्ही घराच्या कर्जाचे उदाहरण दिले. बँकेचे देणे म्हणजे ऋण. आपण देवाचे देणेकरी आहोत आणि ते देणे त्याने सोडावे अशी विनंती करतो. पण त्याआधी आपण म्हणतो की आम्ही इतरांचे ऋण सोडले आहे. 'सोडू' नव्हे, सोडले आहे. काम आधीच झालेले असते.

हे समजावताना आमचीच जीभ अडखळली. कारण आमच्या लॅपटॉपवर त्या वेळी एक एक्सेल फाइल होती.

बाबा गेल्यावर नगरच्या घरावरून थोरल्या दादाशी आमचे बिनसले. छताच्या दुरुस्तीचे पैसे, घरपट्टी, बाबांचे औषधपाणी, आम्ही इथून काय पाठवले आणि त्याने त्यातले कशाला लावले, असा सगळा हिशेब त्या फाइलमध्ये होता. तारखेनिशी आणि त्या दिवशीच्या डॉलरच्या भावासकट. फोनवर बोलू नये ते बोललो. दादानेही काही शब्द वापरले. बाबांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणे, आईजवळ राहणे यांचा रकाना आमच्या फाइलमध्ये नव्हता, हे आमच्या लक्षात आले नाही. तीन वर्षे फक्त नाताळला एक संदेश जायचा, तोही पुढे ढकललेला.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आमचा बिस्किटांचा डबा अर्धा भरला होता. पुढच्या शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, आम्ही फोन लावला.

काय बोलायचे ते लिहून काढले होते, पण उपयोग झाला नाही. एवढेच म्हटले, "दादा, आमच्याकडचा हिशेब आम्ही पुसून टाकला. आणि आमचं चुकलं." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग दादा म्हणाला, "परसातल्या शेवग्याला यंदा खूप शेंगा लागल्यात. आईने परवा आमटी केली, तेव्हा तुमचीच आठवण काढली." आणि फोन वहिनीकडे दिला.

घराचे कागद अजून पुरे झालेले नाहीत. फाइल पुसली म्हणजे सगळा राग गेला असेही नाही. तो अधूनमधून येतो आणि मग रात्री नऊ वाजता तीच ओळ पुन्हा म्हणावी लागते. कोणी अन्याय करत राहिला तरी सोसत बसावे, असा क्षमेचा अर्थ आम्ही घेत नाही. पण आमच्या भांडणात अन्याय थोडा होता आणि ताठा जास्त, हे आम्हाला ठाऊक होते.

श्रद्धेला वेळ लागतो

या बाबतीत आम्हाला लक्ष्मीबाई टिळकांचा फार आधार वाटतो. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. मधल्या काळात सोवळे-ओवळे आणि जातीचा विचार त्यांच्या मनातून हळूहळू गळत गेला. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते की हा बदल मोठ्या सभेत झाला नाही. पाण्याचा घोट, शिजवलेले अन्न, दारात आलेले अनाथ मूल अशा रोजच्या गोष्टींमधून तो झाला. आपली श्रद्धा एका रविवारी नवी होत नाही, म्हणून आम्ही निराश होतो, तेव्हा ही पाच वर्षे आठवतात.

शनिवारी येणारा ईस्टर

भारतात गुड फ्रायडेला सुट्टी असते, इथे नसते. आम्ही रजा टाकतो. दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन करतो, तेही मराठीत.

नगरच्या आमच्या चर्चमध्ये ईस्टरची उपासना पहाटे पाचला असते. तेव्हा बॉस्टनला शनिवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले असतात. म्हणजे आमच्याकडे ईस्टर आदल्या दिवशीच येतो! अनेक चर्चमध्ये ईस्टरला बाप्तिस्म्याच्या वेळची वचने पुन्हा उच्चारतात: वाईटाचा त्याग करतो, देवावर विश्वास ठेवतो. श्रद्धेचे नवीकरण म्हणतात ते हेच. लहानपणी आपल्या वतीने आईवडिलांनी जे म्हटले, ते मोठेपणी आपल्या तोंडाने म्हणायचे.

गेली दोन वर्षे आम्ही चौघे शनिवारी संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसतो. तिकडे पहिल्या बाकावर कोणीतरी फोन उभा धरलेला असतो. चित्र हलते, कधी छत दिसते, कधी आईचा पदर. फोन दादाच्या हातात असतो.

तर काकू, हो, आमच्यातही उपास असतात. खिचडी चालते. आणि उपास सुटतो त्या दिवशी तुम्ही सगळे जेवायला या, गुलाबजाम आमच्याकडे.

सर्वांना ईस्टरच्या हार्दिक शुभेच्छा!