कर्करोगाचे नकाशे आणि ते वाचण्याची रीत

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत प्रत्येक राज्याचे लहान लहान विभाग पाडलेले असून त्यांस बहुतेक ठिकाणीं काउंटी असें म्हणतात. आपल्या जिल्ह्याशीं किंवा तालुक्याशीं त्यांची तुलना करतां येईल. मात्र सर्व काउंट्या सारख्या मापाच्या नाहींत. २०२० सालच्या शिरगणतींत लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीहून थोडी अधिक भरली, तर टेक्सस राज्यांतील लव्हिंग काउंटींत अवघीं ६४ माणसें आढळलीं. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या त्या देशांत आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकींच्या नांवासमोर तेथें कर्करोगाचें प्रमाण किती, तें वाढतें आहे कीं घटतें आहे, हें आज आंकड्यांनिशीं मांडलेलें सांपडतें. हे आंकडे नकाशावर रंगांनीं दाखविले म्हणजे एक काउंटी गडद तांबडी, तर तिला लागून असलेली दुसरी अगदीं फिकट, असा विलक्षण देखावा दिसतो. शेजारच्या दोन विभागांत हवा तीच, पाऊस तोच, लोकही बहुधा एकाच चालीरीतीचे. मग हा भेद कां पडावा? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आंकडे येतात कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कनेक्टिकट ह्या लहानशा राज्यानें १९३५ पासूनच्या कर्करोग्यांची नोंद जमविली. पुढें राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९७३ सालीं कांहीं निवडक प्रदेशांत कायमची नोंदणी सुरू केली, आणि १९९२ च्या कायद्यानें इतर राज्यांसही ह्या कामीं द्रव्यसाहाय्य मिळूं लागलें. रोग्याचें वय, राहण्याचें ठिकाण, रोग कोणत्या अवयवास झाला व निदानाच्या वेळीं तो किती पसरला होता, ह्या गोष्टी इस्पितळांनीं नोंदणी कचेरीस कळवावयाच्या असतात. रोगी उपचारासाठीं दूरच्या शहरीं गेला तरी त्याची गणना त्याच्या राहत्या काउंटींतच होते. तसें नसतें तर मोठीं इस्पितळें असलेलीं शहरेंच सर्वांत रोगट ठरलीं असतीं!

परंतु केवळ रोग्यांची संख्या लोकसंख्येनें भागून काम भागत नाहीं. कर्करोग हा मुख्यत्वें उतारवयाचा रोग आहे. फ्लॉरिडा राज्यांतील समटर काउंटींत नोकरीधंद्यांतून निवृत्त झालेल्या लोकांची मोठी वसाहत आहे. तेथील निम्म्याहून अधिक रहिवासी साठी उलटलेले आहेत. उलटपक्षीं यूटा राज्यांतील यूटा काउंटींत विद्यार्थी व लेकुरवाळीं कुटुंबें यांचा भरणा असून तेथील निम्मी वस्ती तिशीच्या आंतली आहे. ह्या दोहोंची सरळ तुलना करणें म्हणजे वृद्धाश्रम व शाळा यांतील दंतरोगाची तुलना करण्यासारखें होय. एक सोपें उदाहरण घेऊं. समजा, कोणत्याही गांवीं पन्नाशीच्या आंतील लाख लोकांत दरसाल १०० व पन्नाशीवरील लाख लोकांत १००० जणांस हा रोग होतो. ज्या गांवांत शेंकडा ८० लोक तरुण आहेत तेथें एकंदर प्रमाण लाखास २८० येईल. ज्या गांवांत तरुण व वृद्ध निम्मे निम्मे आहेत तेथें तें ५५० येईल. धोका दोन्हीं गांवीं अगदीं सारखा, तरी दुसरें गांव दुपटीनें रोगट दिसतें. म्हणून गणितज्ञ प्रत्येक वयोगटाचें प्रमाण वेगळें काढतात आणि सर्वत्र एकच ठराविक वयोरचना आहे असें मानून तीं प्रमाणें एकत्र करतात. अमेरिकेंत ह्यासाठीं २००० सालची वयोरचना प्रमाण धरिली आहे. अशा रीतीनें वयाचा भेद काढून टाकल्यावर जो फरक उरतो तोच विचारार्ह होय.

आतां एक मौजेची गोष्ट. मूत्रपिंडाचा कर्करोग ज्या काउंट्यांत सर्वांत कमी आहे त्यांचा नकाशा काढला, तर त्या बहुधा तुरळक वस्तीच्या, शेतकीवर जगणाऱ्या व शहरांपासून दूर अशा आढळतात. वाचक लगेच म्हणेल, स्वच्छ हवा व साधी राहणी यांचें हें फळ! पण ज्या काउंट्यांत हा रोग सर्वांत अधिक आहे त्यांचाही नकाशा काढून पाहावा. त्याही तुरळक वस्तीच्या व शेतकीच्याच निघतात, आणि पुष्कळदां पहिल्या प्रकारच्या काउंटीच्या शेजारींच असतात. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनीं हें उदाहरण प्रसिद्धीस आणलें. ह्यांतील मर्म इतकेंच कीं, वस्ती लहान असली म्हणजे योगायोगाला फार वाव मिळतो. समजा, ह्या रोगाचें खरें प्रमाण सर्वत्र दर लाखीं १५ आहे. हजार वस्तीच्या काउंटींत एका वर्षीं एकही रोगी निघाला नाहीं तर तिचें प्रमाण शून्य. एकच निघाला तर तें एकदम लाखास १००! मधला आंकडा तिच्या नशिबींच नाहीं. खेड्यांतील शाळेंतून चार विद्यार्थी मॅट्रिकला बसले व चारही उत्तीर्ण झाले, तर ती शाळा प्रांतांत पहिली येते. पुढील वर्षीं तीन नापास झाले कीं तीच शेवटची ठरते. गुरुजी तेच, फळाही तोच. म्हणूनच एका वर्षाचा आंकडा न देतां पांच वर्षांची सरासरी देतात, तिच्या दोहों बाजूंस अनिश्चिततेची मर्यादा दाखवितात, आणि त्या अवधींत सोळाहून कमी रोगी असले तर तो आंकडा प्रसिद्धच करीत नाहींत. लव्हिंग काउंटीसारख्या ठिकाणीं नकाशा कोराच राहतो.

इतकें गाळून-पाखडून जें उरतें त्यांतून मात्र कधीं कधीं मोठें सत्य हातीं लागतें. रोगनोंदणी देशभर पसरण्यापूर्वींची गोष्ट आहे. १९५० ते १९६९ ह्या वीस वर्षांत कर्करोगानें झालेल्या मृत्यूंचे दाखले काउंटीवार एकत्र करून १९७५ सालीं राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें नकाशांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. थॉमस मेसन, रॉबर्ट हूवर, विल्यम ब्लॉट, जोसेफ फ्रॉमेनी प्रभृति विद्वानांचें हें काम. त्यांत तोंडाच्या कर्करोगाचा स्त्रियांचा नकाशा पाहून सर्वच चकित झाले. हा रोग एरव्हीं शहरांत व पुरुषांत अधिक. पण येथें आग्नेयेकडील राज्यांतील खेडवळ काउंट्या स्त्रियांच्या मृत्यूंनीं काळवंडलेल्या दिसत होत्या. नकाशा प्रश्न विचारतो, उत्तर देत नाहीं. तें शोधण्यासाठीं माणसांच्या दारीं जावें लागतें. डेबोरा विन व त्यांचे सहकारी यांनीं उत्तर कॅरोलिना राज्यांत तोंडाचा व घशाचा कर्करोग झालेल्या २५५ स्त्रिया व तो नसलेल्या ५०२ स्त्रिया यांची माहिती जमविली आणि १९८१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या भागांतील अनेक स्त्रिया तपकीर ओढीत नसत, तर गाल व हिरडी यांच्यामध्यें दाबून ठेवीत असत. धूम्रपान न करणाऱ्या गोऱ्या स्त्रियांत ह्या संवयीनें रोगाचा धोका सुमारें चौपट झाला होता; आणि ज्यांनीं कित्येक वर्षें असें केलें त्यांच्यांत गाल व हिरड्या यांच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ पन्नासपट आढळला. जेथें तपकीर टेंकत होती, तेथेंच रोग उगवत होता. आमच्याकडील स्त्रिया मिश्री लावतात व पुरुष चुना-तंबाखूची गोळी दाढेखालीं धरतात, त्यांस हा वृत्तांत परका वाटण्याचें कारण नाहीं.

त्याच संग्रहांत दुसरें एक कोडें होतें. फुप्फुसाच्या कर्करोगानें मरणाऱ्या पुरुषांचें प्रमाण अटलांटिक महासागराच्या व मेक्सिकोच्या आखाताच्या कांठच्या काउंट्यांत फार होतें. समुद्राच्या हवेंत कांहीं दोष असावा काय? जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर शोध केला असतां १९७८ सालीं असें दिसून आलें कीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं जे जहाजबांधणीच्या गोद्यांत कामाला होते त्यांच्यांत हा धोका इतरांच्या दीडपटीहून थोडा अधिक होता, आणि धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढल्यावरही तो फरक टिकून राहत होता. जहाजांच्या नळांना व बाष्पपात्रांना ॲस्बेस्टॉसचें वेष्टण देत असत. त्याचे सूक्ष्म तंतु श्वासावाटे आंत जात. कित्येकांनीं तेथें दोन-चार वर्षेंच काम केलें, युद्ध संपलें, गोद्या बंद झाल्या, लोक आपापल्या जुन्या धंद्यांस लागले. रोग मात्र वीस-तीस वर्षांनीं आला. आजचा नकाशा कित्येकदां एका पिढीपूर्वींचें चित्र दाखवीत असतो, हें विसरतां कामा नये. इंग्लंडांतही असेंच घडलें. बकिंगहॅमशर परगण्यांत खुर्च्या-मेजें बनविणाऱ्या कारागिरांत नाकाच्या पोकळींतील एक दुर्मिळ कर्करोग वारंवार दिसतो, हें एस्मे हॅडफील्ड ह्या शस्त्रवैद्य बाईंच्या ध्यानांत आलें. १९६८ सालीं लांकडाच्या भुशाशीं त्याचा संबंध दाखविण्यांत आला.

प्रत्येक गडद ठिपक्यामागें असा अपराधी सांपडतोच असें मात्र नाहीं. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या नासॉ व सफोक ह्या काउंट्यांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक दिसूं लागल्यावर तेथील स्त्रियांनीं मोठी चळवळ केली व १९९३ सालीं काँग्रेसनें कायदा करून त्याचा शोध घेण्यास सांगितलें. शेतांवर फवारलेल्या डी.डी.टी.सारख्या द्रव्यांवर लोकांचा रोष होता. २००२ सालीं निष्कर्ष बाहेर आले. रक्तांतील त्या द्रव्यांचा व रोगाचा संबंध आढळला नाहीं. त्या स्त्रियांचें दुःख खोटें नव्हतें, व त्यांनीं उत्तर मागितलें हें योग्यच केलें, असें आम्हांस वाटतें. पण सुखवस्तु व सुशिक्षित वस्तींत हा रोग अधिक दिसतो ह्याचीं कारणें बहुधा घरगुती आहेत: पहिलें मूल उशिरां होणें, मुलें थोडीं असणें, पाळी थांबल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या घेणें, आणि वरचेवर तपासणी करून घेणें. कॅलिफोर्नियांतील मरिन ही धनिक काउंटी ह्या रोगासाठीं प्रसिद्ध होती. २००२ सालीं त्या गोळ्यांचे धोके एका मोठ्या प्रयोगांतून उघड झाले, स्त्रियांनीं त्या सोडल्या, आणि लगोलग देशभर व मरिनमध्येंही नव्या रोग्यांचें प्रमाण खालीं आलें.

तपासणीचा उल्लेख वर आलाच आहे. नोंदींत येतो तो झालेला रोग नव्हे, तर सांपडलेला रोग. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीं पी.एस.ए. नांवाची रक्तपरीक्षा प्रचारांत आली तेव्हां नव्या रोग्यांची संख्या झपाट्यानें वाढून १९९२ च्या सुमारास शिखरास पोंचली व मग उतरली. रोग त्या चार वर्षांत बदलला नव्हता, शोधणारा दिवा प्रखर झाला होता. २०२० सालीं कोविडच्या साथींत तपासण्या थांबल्या व नव्या कर्करोग्यांचा आंकडा एकाएकीं खचला. त्या वर्षीं कर्करोगानें माघार घेतली असें कोणी समजूं नये, म्हणून वाढ-घटीचा कल काढतांना तें वर्ष बाजूस ठेवण्यांत आलें.

तंबाखूचा कल मात्र निर्विवाद आहे. सरकारी मुख्य वैद्याधिकाऱ्याचा धूम्रपानावरील अहवाल १९६४ सालीं निघाला. पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू १९९० नंतर उतरूं लागले. ही उतरण सर्व काउंट्यांत एकाच वेगानें झाली नाहीं. कॅलिफोर्नियानें १९८८ सालीं मतदानानें सिगारेटींवर जादा कर बसविला व तेथील प्रमाण लवकर घटलें. यूटा राज्यांत पुष्कळ लोक तंबाखू व मद्य वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथाचे असल्यानें तेथें हा रोग देशांत सर्वांत कमी. केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ काउंट्यांत तो सर्वांत अधिक असलेल्या प्रदेशांपैकीं एक आहे. तेथें दारिद्र्य आहे, कोळशाच्या खाणी आहेत, आणि तंबाखू ही पिढ्यान्‌पिढ्या संवयीचीही व पिकाचीही वस्तु होती.

आपल्याकडे मुंबईंत कर्करोगाची नोंदणी १९६० नंतरच्या दशकांत सुरू झाली, आणि १९८७ सालीं बार्शी येथें खेड्यांसाठीं नोंदणी निघाली. तेथील कार्यकर्ते गांवोगांव जाऊन लोकांस रोगाचीं लक्षणें समजावून सांगतात व रोगी शोधतात. २०१२ ते २०१६ ह्या काळाच्या राष्ट्रीय अहवालांत वयाचा हिशेब करून काढलेलें पुरुषांतील प्रमाण मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यांत दर लाखीं २६९.४ होतें, नोंदणी असलेल्या सर्व ठिकाणांत तें सर्वाधिक. आणि सर्वांत कमी, म्हणजे ३९.५, उस्मानाबाद (आतां धाराशिव) व बीड ह्या आपल्या जिल्ह्यांत! मिझोरममध्यें तंबाखूचें व्यसन फार आहे, ही गोष्ट खरी. पण मराठवाड्यांतील आंकड्यावर संतोष मानण्यापूर्वीं, डॉक्टरांपर्यंत न पोंचलेला रोगी नोंदींत येत नाहीं, हें ध्यानीं घेतलें पाहिजे. ह्याच उस्मानाबाद जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधीं एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गांवांत एकदांच विषाणूची परीक्षा करण्यांत आली, तेथें ह्या रोगानें झालेले मृत्यू आठ वर्षांत सुमारें निम्म्यावर आले. अशी परीक्षा उद्यां जिल्ह्याच्या प्रत्येक वाडीवस्तीवर होऊं लागली, तर आरंभीं लपलेले रोगी उजेडांत येऊन त्यांची संख्या वाढेल, आणि नकाशावर धाराशिवचा फिकट रंग कांहीं वर्षें गडद होईल.